आवाज न काढलेली शिवी

मार्च १९७४, मंगळवार. कामगार न्यायालय, सोलापूर. हजर : न्यायाधीश, गिरणीचे वकील, जॉबर, युनियनतर्फे मी, आणि तो, कापडगिरणीनं काढलेला विणकर.

“तोंड दावून बोल!” हे त्याचं पालुपद. तुम्हालाही वाटलं असतं, हा भांडण उकरून काढतोय. पुष्कळदा भांडण व्हायचंही. खरं म्हणजे मागांच्या खडखडाटात त्याचे दोन्ही कान गेले होते. मागखात्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठ वाचूनच बोलतात. त्यामुळे याचं बहिरेपण कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

एकदा जॉबरनं, म्हणजे त्याच्या लायनीच्या मुकादमानं, पाठीमागून हाका मारल्या. हा वळेना. जॉबरनं मानगूट धरली, तसा यानं वळता वळता हातातला लाकडी धोटा त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडलं. मागावरच्या कोऱ्या कापडावर रक्त उडालं.

हुकूम मोडला, वर हात उचलला म्हणून त्याला काढलं. आमचं म्हणणं, हुकूम ऐकूच आला नाही. गिरणीनंच बहिरा केला आणि बहिरा म्हणून शिक्षाही तिनंच दिली. गिरणी म्हणे, सोंग आहे.

मी त्याला बजावलं होतं, “वकील बोलतील तेव्हा खाली बघ. ओठ वाचून उत्तरं दिलीस तर मेलास.”

“खाली बगायला म्या काय चोरी केलीया, अण्णा?”

कोर्टात त्यानं वकिलांच्या तोंडाकडं रोखून बघितलं आणि एकूण एक प्रश्नाला खणखणीत उत्तर दिलं.

“यांचे कान माझ्याहून बरे आहेत, साहेब,” वकील हसले. मी ओठांचं सांगू लागलो, तर म्हणाले, “पुरावा?”

इतक्यात समोरच्या बाकावर जॉबरचे ओठ हलले. दुसऱ्या क्षणी आमचा गडी बाक ओलांडून त्याच्या छातीवर बसला होता आणि त्याचं डोकं फरशीवर आपटत होता. “माज्या आईला बोलतो व्हय रं!” शिपायांनी ओढून काढेपर्यंत जॉबरचा कान फाटला होता.

“साहेब, मी आवाजसुद्धा काढला नव्हता!” जॉबर रक्त पुसत ओरडला.

“मग यांना कळलं कसं?” न्यायाधीशांनी विचारलं.

त्यांनी फाइल तोंडापुढं धरून आमच्या गड्याचं नाव घेतलं. मग ओरडून घेतलं. तो जॉबरकडंच बघत राहिला.

मारहाणीबद्दल पोलीस त्याला घेऊन निघाले. जिन्यावर तो पुढं होता. मागून हवालदार गरजला, “थांब!” तो उतरतच राहिला. “अहो, बहिरा आहे तो!” असं मी म्हणेपर्यंत काठी गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

निकाल आमच्या बाजूनं लागला : बहिरा आहे, कामावर परत घ्या. तोवर तो जामिनावर सुटून बहिणीकडं नातेपुत्याला गेला होता. मी जाऊन त्याला सांगितलं. वाकडा पाय लांब करून तो हसला. “कान जितलं की, अण्णा. आता मागापुढं हुबा कोन ऱ्हानार?”

तिथूनही तो गेला. कुठं, ते बहिणीलाही ठाऊक नाही.

पायाचा दावा लावायचा राहिलाय. पोलीस म्हणतात, तो आधीपासूनच लंगडा होता. नव्हता, हे सिद्ध करायचं आहे.