डल्सीनं उपसलेलं बूच

आमच्या गावाचं पाणी जमिनीवर उघड्या पडलेल्या लोखंडी नळातून तीनशे किलोमीटर येतं. आमच्याकडे जानेवारीत भर उन्हाळा; तोटी सोडली की अंघोळीचं गरम पाणी तयारच! त्याचं आम्हाला कोण कौतुक. मी रेग ट्रेझाइझ, गावचा खाटीक. बहात्तर सालच्या पोहण्याच्या शर्यतींना चिल्ल्यापिल्ल्यांचा उथळ हौद मीच भरला, थेट नळानं, पोरांना गार लागू नये म्हणून. क्लोरीन टाकलं नाही, डोळे चुरचुरतात ना! एवढा मी शहाणा.

पोहण्याच्या तलावाची राखण डल्सी पास्कोकडे. गुडघ्यांनी अधू, आवाज मात्र खणखणीत. तीस वर्षं ती रोज प्रत्येक हौदाचं पाणी काचेच्या नळीत घेई, औषधाचे थेंब टाकी आणि पाणी पिवळं झालं, म्हणजे त्यात क्लोरीन असलं, तरच फाटक उघडी.

त्या दिवशी पोरं काठावर उभी. माझी पाच वर्षांची कोरली सर्वांत पुढं. नळीतलं पाणी काही पिवळं होईना. डल्सी बुटांसकट हौदात उतरली आणि तिनं तळाचं बूचच उपसलं; पाणी भराभर वाहून जाऊ लागलं.

"अगं ए बाई, डोकं फिरलं का तुझं?" मी ओरडलो.

"हे गरम, बिनक्लोरीनचं पाणी नाकात गेलं तर त्यातला जंतू मेंदू खातो, रेग. त्यावर इलाज नाही."

"उगाच भिववू नकोस! कधी ऐकलंय का कुणाला झालेलं?"

"लाखात एखाद्यालाच होतं."

"मग?"

"मग ती एक पोर कुणाची, तूच सांग."

लोकांनी तिची हुर्यो उडवली. कोरलीनं भोकाड पसरलं. मी तर डल्सीला नाही नाही ते बोललो. डल्सीनं बूच खिशात घातलं, उरलेलं पाणी बाटलीत भरून शहरात तपासायला धाडलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जंतू होता. मी दुकान तसंच बंद केलं.

कोकराची अख्खी मांडी घेऊन मी डल्सीच्या दारात गेलो.

"हे काय? नाताळ तर होऊन गेला."

मागं फाटकाला कोरली लोंबकळत होती, अजून डल्सीवर फुगलेली. मी पोरीकडे बोट दाखवलं.

"ती एक पोर," एवढंच म्हणालो.

डल्सीनं मांडी घेतली आणि मला नाक पुसायला फडकं दिलं.