आधी आभार

संतोष राठोड गेल्याचं मला कनेरगाव नाक्यावर कळलं. वाशिमला लग्नपत्रिकांचे गठ्ठे पोचवून परत येत होतो, चहाला ढाब्यावर थांबलो, तर शेजारच्या बाकावरचा एक अनोळखी माणूस फोनवर मोठ्यानं सांगत होता, "व्हय, कॉम्प्युटर क्लासवाले राठोड सर... सकाळीच. छातीत कळ आली अन् खलास." चहाचा ग्लास हातात तसाच राहिला. आणि खरं सांगतो, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की याला माझ्या आधी कळलंच कसं? विशीपासूनचा माझा मित्र, आणि त्याच्या मरणाची बातमीसुद्धा मला रांगेत शेवटी मिळावी! या गोष्टीला आता महिना होऊन गेला. त्याच्यावर लिहा म्हणून या पुरवणीनं माझ्या आधी दुसऱ्या दोघांना विचारलं होतं, हेही मला कळलं आहे. असो.

नव्वदच्या दशकात हिंगोलीत कॉम्प्युटर आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत मी होतो. माझं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं. संतोष कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा. शिकायला शहरात आला आणि माझ्या दुकानात बसून माउस धरायला शिकला. माझ्याच माउसवर! आणि दोन-तीन वर्षांत त्यानं स्वतःचा क्लास काढला, वेबसाइटी करू लागला, बियाण्यांच्या दुकानापासून कॉलेजापर्यंत सगळे त्याच्याकडे. कानामागून आला आणि तिखट झाला. त्याला माझ्याहून फार काही जास्त येत होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण त्याला बोलता यायचं. तो बोलायला लागला की रिक्षावालासुद्धा रिक्षा बंद करून ऐकायचा. माझ्या दुकानात माणसं काम झालं की जायची. त्याच्याकडे काम झाल्यावर बसायची.

आम्ही दोघं मिळून गावात बरेच कार्यक्रम केले. गुणवंतांचे सत्कार, पुस्तकांचं प्रदर्शन, असं काय काय. प्रत्येक वेळी वाटणी ठरलेली. प्रास्ताविक संतोष, सूत्रसंचालन संतोष, आणि आभारप्रदर्शन सिद्धार्थ खिल्लारे, म्हणजे मी. कार्यक्रमपत्रिका माझ्याच दुकानात छापली जायची, त्यामुळे शेवटच्या ओळीत माझं नाव मीच टाइप करायचो. आभार म्हणजे काय असतं हे ज्यानं मानलेत त्यालाच ठाऊक. सूत्रसंचालक म्हणतो, "यानंतर आभारप्रदर्शन..." आणि त्या शब्दासरशी अख्खं सभागृह उठतं. खुर्च्या सरकतात, चपला शोधल्या जातात, जेवणाच्या मंडपाकडे लोंढा निघतो आणि तुम्ही माईकवर मंडपवाल्याचं नाव घेत राहता. बसून राहायचा तो एकटा संतोष. पहिल्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर, पायावर पाय टाकून, शर्टाच्या टोकानं चष्मा पुसत शेवटच्या धन्यवादापर्यंत ऐकायचा. लोक म्हणायचे, बघा, केवढं मोठं मन! म्हणजे माझ्या आभारातूनही मोठेपणा मिळायचा तो त्यालाच.

मग नव्या शतकात, जिल्हा नवा-नवा होता तेव्हा, त्याच्या डोक्यात वेब डिझाइनचा मेळावा शिरला. "पुण्यातच काहून व्हावं, शिद्धू? आपल्या पोरायनं काय पाप केलं?" मी म्हटलं, लेका, इथं दिवसातून किती वेळा लाइट जाते, फोनच्या तारेवरनं इंटरनेटवरचा एक फोटो उघडायला किती वेळ लागतो, अन् तू कसले मेळावे भरवतो! तो नुसता हसला. आठवडाभरात वीसेक पोरंपोरी कामाला लागली. पोरींनी पुठ्ठ्याचे बिल्ले कापले. हट्ट्याहून, कळमनुरीहून नावं आली. क्लासमधले मॉनिटर गोधड्यांत गुंडाळून हातगाड्यांवरून मंगल कार्यालयात नेले, पुढे संतोष लोकांना बाजूला करत चाललेला, जसं काही लेकराला दवाखान्यात नेतोय. मंडप, माईक, जनरेटर शेख चाचांचा. इंटरनेटचा भरवसा नव्हता, म्हणून सगळ्या वेबसाइटी सीडीवर भरून घेतल्या. ते काम मी केलं. ते कुणाच्या लक्षात नाही.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी पत्रिका छापताना पुन्हा माझं नाव शेवटच्या ओळीत टाकलं आणि माझं डोकं फिरलं. बस स्टँडसमोर चहा पिताना मी त्याला म्हटलं, "एकदा तरी आभार आधी ठेव ना. लोक जेवायला पळायच्या आत. एकदा तरी कळू दे मला, समोर माणसं असली की कसं वाटतं ते." मी चिडून बोललो होतो. त्यानं चष्मा पुसला आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी मंगल कार्यालय भरलं. भिंतीला टेकून पोरं उभी. दीपप्रज्वलन झालं, औरंगाबादहून आलेल्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ झालं, आणि संतोष माईकवर आला. "आज आपण आधी आभार मानून घेऊ. दरखेपेला शेवटी तुमी जेवायला पळता अन् आमचा शिद्धू खुर्च्यायचे आभार मानून राहतो. आज पळून दाखवा." असा हशा पिकला! खिशातला कागद काढला आणि माईकसमोर उभा राहिलो. शेख चाचांचं नाव घेतलं तर चाचा जनरेटरपाशी उभे राहून सगळ्यांना आदाब करायला लागले. बिल्ले कापणाऱ्या पोरींची नावं घेतली तर त्यांच्या बाजूनं शिट्ट्या आल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाक्यावर माणसं थांबली. खाली उतरलो तेव्हा टाळ्या चालू होत्या.

पाहुण्यांचं भाषण चांगलं झालं असेल, निम्मं इंग्रजीत होतं. अर्ध्यात लाइट गेली. चाचा जनरेटरशी झटत होते तेवढ्या वेळात संतोष माईकशिवाय उभा राहिला. "वेबसाइट म्हंजे दुकानाची पाटी न्हाई. ती दुकानातली बसायची जागा हाय. पाहुणा आला की कुठं बसावं, पाणी कुठं हाय, हे त्याला विचाराय लागू नये." पोरं वह्या काढून लिहायला लागली. मी मागच्या दाराशी उभा होतो. वर्षानुवर्षं पत्रिकांवर अक्षरांच्या जागा ठरवणारा माणूस मी, आणि हे एक साधं वाक्य मला कधी सुचू नये? जळफळाट झाला माझा, दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी गंमत झाली. शेवटचं प्रात्यक्षिक संपलं, संतोष म्हणाला, "झालं", आणि कुणीही उठेना. आभार झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही, हे आपल्या माणसांच्या अंगात इतकं भिनलेलं, की सगळे शांत बसून पुढच्याची वाट बघत राहिले. तिकडे भाजी थंड होत होती. संतोषनं पुन्हा सांगितलं, संपलं बरं का! तरी लोक जागचे हलेनात. शेवटी तो माझ्याकडे आला आणि कानात म्हणाला, "ऊठ बाबा. तू उठल्याबिगर हे लोक जेवत न्हाईत." मी माईकवर जाऊन "आभार..." एवढंच म्हणालो, की धाडकन सगळ्या खुर्च्या सरकल्या. कडेच्या खुर्चीवर एकटा संतोष बसून राहिला, चष्मा पुसत.

नंतर स्थानिक पेपरात मोठ्या अक्षरात बातमी आली: आधी आभार, राठोड सरांची अभिनव कल्पना. कल्पना कुणाची? माझी! मी दोन दिवस जेवलो नाही धड. बायको म्हणाली, "तुमाला टाळ्या भेटल्या तरी तुमचंच पोट दुखून राहिलं व्हय?" संतोष मात्र पेपर घेऊन दुकानात आला, म्हणाला, "अबे, मी सांगितलं होतं त्यायला, शिद्धूचं नाव टाका म्हणून. न्हाई टाकलं." मी विश्वास ठेवला नाही. ठेवायचा नव्हता. त्यानं खोटं कधी सांगितल्याचं आठवत नाही, हीही त्याची एक तकलीफच होती.

गेल्या आठवड्यात त्याच मंगल कार्यालयात त्याची शोकसभा झाली. पत्रिका माझ्याकडे छापायला आली नाही, आता पोरं आपापल्या कॉम्प्युटरवर करतात, त्यानंच शिकवलेली पोरं. बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव वरही नव्हतं आणि शेवटच्या ओळीतही नव्हतं. एकेक जण उठत होता आणि "सर मला सगळ्यात जवळचे" म्हणून डोळे पुसत होता. तिघांनी तरी "आधी आभार"चा किस्सा सांगितला, तिघांनीही तो त्याच्या नावावर सांगितला. मी आतून जळत बसलो होतो. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? मी जळत होतो. एवढी माणसं त्याची, मग माझ्या वाट्याला काय?

मग दोन मिनिटं उभं राहून सगळे शांतपणे निघून गेले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, शोकसभेत आभार मानत नसतात. मी जागचा उठलो नाही. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी होती, सभा संपेपर्यंत तिथं कुणी बसलं नव्हतं. शेख चाचा आता थकलेत, तरी स्वतःच वायर गुंडाळत माझ्याजवळ आले. "खिल्लारे सेठ, उठो. प्रोग्राम हो गया."

"कुठं झाला चाचा? आभार कुठं झाले?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. वायर खाली ठेवली, माईक पुन्हा जोडला, त्यावर टिचकी मारून बघितली आणि बाजूला होऊन उभे राहिले. "तो मान लो ना, सेठ. मैं रुकता."

माझ्याजवळ माणसांची नावं होती, शब्द होते, सगळं पाठ होतं. इतकी वर्षं तेच तर केलं होतं. पण मी उठलो नाही. मी आभार मानले असते, तर कार्यक्रम संपला असता.