नॅन्सीला फूल नाही

आर्मिंटा आली की मी आधी वरच्या दप्तरखोलीची खिडकी उघडायची. दप्तर माझ्याच ताब्यात; काउंटी कोर्टाची सगळी जुनी धूळ तिथं, आणि ही बया माहेरी आल्यासारखी बसायची. शिवणकाम करून पोट भरणारी बाई; पण वाचता वाचता तिला खालच्या चौकातले जुन्या काळचे घोडे ऐकू यायचे.

"बेउला, आज फार गर्दी आहे गं," ती म्हणायची. खोलीत आम्ही दोघीच!

"तुझ्या त्या मेलेल्यांना सांग, आता मी कुलूप लावतेय."

तिची आजी लविना. लहानपणीच कोर्टानं तिला वयात येईपर्यंत कॉर्नेटच्या घरी कामाला बांधून दिलं. बाप मेला की, आई जिवंत असली तरी, कोर्ट पोरांना असं बांधून द्यायचं. लविना मरेपर्यंत म्हणायची, "आईनं मला टाकलं." मे महिन्यात आम्ही सगळे टेकडीवरच्या थडग्यांवर फुलं वाहतो. पण लविनाच्या आईच्या, नॅन्सीच्या थडग्यावर लविनाच्या घरातलं कुणी पाकळीसुद्धा ठेवत नसे. आर्मिंटाला ते फार लागायचं. "टाकलं असेल तर असेल. पण मला खरं कळू दे," म्हणायची.

वर्षानुवर्षं ती दप्तराच्या सूचीत लविनाचं नाव शोधत बसली. शेवटी मीच वैतागले. "अगं, शेळी विकली तर शेळीचं नाव लिहितात होय? मालकाचं बघ!"

कॉर्नेटच्या नावाखाली सगळं निघालं. कोर्टाच्या दर बैठकीला तेच: नॅन्सी, राहणार डोंगरापलीकडं, हजर, मुलगी परत मागते, नामंजूर. पुढच्या बैठकीला पुन्हा हजर. ऐन बर्फातही पायी हजर.

आर्मिंटानं पानावर हात ठेवला. मग हलकेच म्हणाली, "दारात उभी आहे बघ. पार भिजलीय बिचारी." आणि देवाशप्पथ, मीही वळून दाराकडं पाहिलं.

मे महिन्यात टेकडीवर ट्रेसीमावशी, लविनाची शेवटची जिवंत लेक, आईच्या थडग्याशी खुर्ची टाकून बसली होती. आर्मिंटानं पिशवीतून त्या नोंदींची नक्कल काढली आणि सगळं वाचून दाखवलं.

"डोंगरापलीकडून यायची? पायी?" मावशीनं विचारलं.

"पायीच, मावशी. दर वेळी."

म्हातारीनं आईच्या थडग्याकडं बोट केलं. मग एकदम खेकसली, "मला काय वाचून दाखवतेस? तिला वाच! आणि मोठ्यानं वाच, शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."