मागच्या सीटवरची पेटी

आज सकाळी प्लंबरनं बेसिनच्या कडेला सिलिकॉन लावलं आणि त्याचा तो आंबूस, नाकात चढणारा वास घरभर पसरला. मी उठून गच्चीवर गेलो.

वीस वर्षांपूर्वी गडमुडशिंगीच्या आमच्या अंगणात हाच वास होता. मोटारसायकलवरनं कन्याकुमारीला जायचं म्हणून मी सामानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या घरीच बनवत होतो. पत्रे शाहूपुरीतनं आणलेले. सुमन, माझी बायको, आठ दिवस माझ्याबरोबर राबली. मी ड्रिल मारताना ती पत्रा दाबून धरायची; तळहात काळे पडलेले. पाणी शिरू नये म्हणून सांध्यांत सिलिकॉनही तिनंच भरलं, बोटानं, निगुतीनं. शेजारणींना सांगायची, "आम्ही निघालोय."

मी ते ऐकून गप्प बसायचो. जायचं ठरलं होतं मित्रांबरोबर. पण पत्रा धरायला कुणीतरी हवंच होतं.

शेवटच्या दिवशी दोन पेट्या दोन बाजूंना बसल्या. तिसरी मी मागच्या सीटवर ठेवली आणि चार बोल्ट आवळले. ती बघत राहिली.

"अवो, मग मी कुठं बसायचं?"

"तुला न्हाय झेपायचं एवढं लांब."

मला वाटलं, विषय मिटला. ओलं फडकं घेऊन ती खाली बसली आणि फरशीवरचा पत्र्याचा कीस टिपू लागली.

"सरका," म्हणाली, "पायात रुतंल."

चार बोल्ट काढायला पाच मिनिटं लागली असती. पाना माझ्या हातातच होता.