भावकी डॉट कॉमचा मालक

गव्हाणच्या हौसाला पाठचा एकच भाऊ, परेश. तोही असा, की दुसरा असता तर तिला वेडच लागलं असतं. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला भूखंड विकून कुणी ट्रक घेतले, कुणी बार काढले. परेशने नवीन पनवेलात काचेचं ऑफिस थाटलं, फिरत्या खुर्चीत बसला आणि ‘भावकी डॉट कॉम’ नावाची वेबसाइट सुरू केली. समस्त आगरी लोकांनी तिथे नाव घालायचं, फोटो टाकायचे आणि एकमेकांचं कौतुक करायचं. तोवर जो तो फेसबुकवर जाऊन बसलाच होता. पण परेशचं म्हणणं, तिथे आपल्या भावकीला कोण विचारतंय?

“पन यातून पैसा कसा येतो रं?” हौसाने विचारलं.

“ताई, आधी मानसं जमवायची. पैसा मागून येतो.”

“मानसं मयताला पन जमतात,” हौसा म्हणाली आणि मासळी साफ करायला उठली.

स्पर्धाही बाहेरून यावी लागली नाही. कोन गावात राहणाऱ्या चुलतभावाने, कमळाकरने, ‘आपला गाववाला’ नावाची दुसरी वेबसाइट काढली. मग काय विचारता! नाव घालणाऱ्याला परेश टी-शर्ट देई, तर कमळाकर मोबाइलचं रिचार्ज. लोकांनी परेशचा टी-शर्ट अंगात घातला, कमळाकरचं रिचार्ज मारलं आणि त्याच रिचार्जवर फेसबुक बघत बसले. इकडे परेश एकेका माणसाची चार-चार खाती उघडून आकडा फुगवत होता, आणि गुंतवणूकदार नावाच्या न दिसणाऱ्या देवाची वाट बघत होता. देव काही पावला नाही.

अखेर त्याला कमाई सापडली ती लग्नपत्रिकेत. पत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून भावकीत माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. परेश पत्रिका वेबसाइटवर टाकू लागला आणि वरची जागा विकू लागला. धंदा तेजीत! ज्यांना जन्मात कुणी पाट मांडून बसवलं नव्हतं, ते मान विकत घ्यायला धावले. हौसाला याची शिसारी आली. तरी ती गप्प बसली, कारण तिच्या अंकिताचं लग्न ठरलं होतं. मुलीचा बाप ती लहान असतानाच गेलेला. हौसाला भावाकडून ना दागिना हवा होता ना आहेर. मामाने भाचीच्या हाताला धरून तिला मांडवात आणावं, एवढंच तिला हवं होतं.

हळदीच्या दिवशी परेश फुलून आला. पनवेलचा एक बिल्डर वर्षभर जाहिरात द्यायला तयार झाला होता.

“ताई, उद्या अंकिताला शेठ मांडवात आनतील. मी बाजूलाच हाय, कॅमेरा घेऊन. सगल्या भावकीला दिसंल.”

“मामाची जागा इकलीस तू?”

“इकली नाय गं. स्पॉन्सर दिलाय.”

हळद लावलेल्या पोरीसमोर रडायचं नाही, म्हणून हौसाने दात आवळले.

दुसऱ्या दिवशी भटजींनी पुकारा केला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.” गळ्यात सोन्याच्या साखळ्या घातलेले शेठ कॅमेऱ्याकडे बघत पुढे झाले. हौसा त्यांच्या आडवी उभी राहिली.

“कमळाकर, पुढं ये. तू पन मामाच हाईस तिचा.”

जेवणाच्या पंगतीकडे वळलेला कमळाकर गडबडून आला. तोही काही संत नव्हे. शर्टावर स्वतःच्या वेबसाइटचा बिल्ला मिरवत होता. पण भाचीचा हात धरण्याआधी त्याने तो काढून खिशात टाकला, एवढी लाज त्याच्यापाशी होती. परेश कॅमेरा धरून उभाच राहिला. शेठ जेवायलासुद्धा थांबले नाहीत.

पाठवणीच्या वेळी अंकिता एकेकाच्या पाया पडत आली आणि परेशसमोर थांबली. त्याने आशीर्वादाला हात उचलला.

“मामा, तुमच्या पाया पडायचं काय घ्याल?”

तिने पदर सावरला आणि पाया न पडताच गाडीत जाऊन बसली.