बद्रीनाथचं नाव

तुळजाबाईला नवरा आहे, ही गोष्ट पुण्याच्या बँकेला फार मोलाची वाटली. तो कसला आहे, हे विचारायची मात्र तिथल्या कारकुनाला गरज भासली नाही.

साल एकेचाळीस. निजामाच्या मुगलाईतून इंग्रजी मुलखात जाऊन मास्तरणीचं शिक्षण घेणारी बाई म्हणजे पुण्याच्या दृष्टीनं परदेशीच. एका संस्थेनं तिला महिना बारा रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली होती, पण ती जमा होणार बाईच्या स्वतःच्या खात्यात. महिनाअखेर खातं निघालं नाही, तर शिष्यवृत्ती दुसरीला आणि तुळजाबाई परत बदनापूरला, भावाच्या चुलीपुढं. कारकुनानं तिचा अर्ज पाहून नाक मुरडलं. निजामाच्या राज्यातल्या माणसाचा भरवसा काय धरायचा, असं म्हणाला, आणि लग्न झालंय ना, मग नवऱ्याची संमती आणा, म्हणून कागद परत सरकवला. एवढ्या शिकलेल्या माणसाची अक्कल एवढी तोकडी असू शकते, हे तिला त्या दिवशी कळलं.

नवरा म्हणजे कुंभार पिंपळगावचा बद्रीनाथ. वीस एकर काळी जमीन, पीळदार मिशी, आणि या दोन्हींच्या मागं काहीही नाही. चार वर्षांत मूल झालं नाही म्हणून त्यानं तिला भावाच्या दारात आणून सोडलं, दुसरी केली, आणि पुढच्या अकरा वर्षांत ती जगली की मेली याची चौकशी केली नाही. अशा माणसाचं नाव तिनं मात्र कधी तोंडातून काढलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईनं शिकवलं होतं. ते कमी झालं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं होतं. पण जीभ काही वळत नव्हती.

मनमाडला गाडी बदलून, जालन्याहून पुढं बैलगाडीनं ती बाजाराच्या दिवशी पिंपळगावात पोचली. बद्रीनाथ कापडवाल्या कचरूलालच्या ओट्यावर पाच-सहा जणांत बसला होता. तिनं पायरीशी उभं राहून कागद पुढं केला. तुमचा पैसा नको, नुसता होकार पाहिजे, म्हणाली.

बद्रीनाथला आयती करमणूक मिळाली. लिहिता-वाचता येत नसताना त्यानं कागदावरून नजर फिरवली, मग ऐसपैस मांडी घालून लोकांकडं पाहिलं.

"बाई शिकून राह्यली म्हणं. मंग नाव घे माझं, सगळ्यांसमोर. घेतलं की अंगठा देतो. मर्दाची जबान हाये."

माणसं हसली. कचरूलालनं, बाई लांबून आलीय, देऊन टाका, असं सुचवून पाहिलं. बद्रीनाथनं त्याला हातानंच गप्प केलं. त्याला उखाणा हवा होता. टाकलेल्या बायकोच्या तोंडून, भर बाजारात, लाडाचा उखाणा. कोडगेपणाला काही सीमा असते, ती याच्या घरच्यांनी त्याला कधी दाखवलीच नव्हती.

तुळजाबाईला उखाणे वीसेक तरी येत होते. तिनं नवऱ्याकडं नीट पाहिलं. मिशीला कलप, सदऱ्याचं बटण तुटलेलं, ओठाच्या कोपऱ्यात पानाची लाळ. याचं आयुष्य आपण इतकी वर्षं जपत बसलो, याची तिला लाज वाटली.

"बद्रीनाथ," ती म्हणाली, गड्याला हाक मारावी तशी. "रखमाजीचा बद्रीनाथ. घेतलं नाव. दे अंगठा."

ओट्यावरचं हसणं थांबलं. नवऱ्याला भर बाजारात अरे-तुरे करणारी बाई त्यांच्यापैकी कुणी पाहिली नव्हती. बद्रीनाथ लालबुंद झाला. असं नाव घेतात का, असं काहीतरी पुटपुटला.

"नाव घ्यायची बात होती," कचरूलाल शांतपणे म्हणाला. "बिलकुल बराबर घेतलं." आणि त्यानं शाईची डबी पुढं सरकवली.

जबान पाच जणांसमोर दिलेली. अंगठा उमटला. तो धोतराला पुसताना बद्रीनाथ थोडा नरमला.

"त्या बँकेच्या बुकात माझं नाव ऱ्हाईल ना?"

"न्हाई," तुळजाबाई कागदावर फुंकर घालत म्हणाली. "तुझ्या नावाचं काम आज झालं."