दोन द्वारका

बाळांनो, दिल्लीतल्या आमच्या ग्रंथालयातल्या प्रबंधांची यादी तेव्हा नुकतीच संगणकावर आली होती. प्रत्येक प्रबंधाचा विषय, स्थळ आणि काळ मी वेगवेगळ्या रकान्यांत भरत असे. आमचे साहेब हसत, "मॅडम, इतकं कोण बघतंय?"

एकदा आर. के. पुरमची एक मराठी मुलगी रडवेली होऊन आली. दिल्लीच्याच द्वारका या उपनगरातल्या नव्या सोसायट्यांवर ती दोन वर्षं संशोधन करत होती आणि यादीत तिला 'द्वारका: वस्ती आणि वास्तुरचना' हा प्रबंध दिसला होता.

"काकू, माझा विषय गेला हो! कुणीतरी आधीच केलाय!"

मी नोंद उघडली. स्थळ गुजरात, काळ मध्ययुग.

"अगं, ही कृष्णाची द्वारका. तुझी ती दिल्लीची, सेक्टरवाली!"

ती मटकन खुर्चीत बसली. "काकू, आधी पाणी द्या," म्हणाली आणि हसतच सुटली. मलाही हायसं वाटलं.